क्लास पाहायला गेलो तेव्हा

मुलीला सीईटीचा क्लास लावावा की नाही, हे ठरवण्यासाठी मी त्या क्लासमध्ये झोपून पाहिलं.

झालं असं, की खालापुरात नवा क्लास निघाला. पहिला तास फुकट, आणि पालकांनाही आत बसायची मुभा! आमचं गाव कर्जतच्या अलीकडे. म्हणजे तन्वीची रोजची संध्याकाळ जाण्यायेण्यात जाणार. ती बिचारी कात्रीत अडकली होती.

"पप्पा, मला घरी बसून पण जमंल असं वाटतं. पण नाय जमलं तर वर्ष जाईल ना."

"मी बघून ठरवतो," मी म्हणालो.

"तुमाला त्यातलं काय कळतंय?" बायकोनं विचारलं.

"इतकी वर्षं नर्सरी चालवतोय. रोप बघून सांगतो, लागंल का नाय."

"जा मग. पण तिथं तोंड उघडू नका."

तन्वी दुसऱ्या रांगेत बसली, मी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. एसीचा गारवा, आणि सरांचा आवाज तर मंद आचेवर खीर ढवळावी तसा. "समजा, एक चेंडू तिरका वर फेकला..."

मी चेंडूकडे लक्ष ठेवलं. चेंडू खिडकीतून निघाला, टोलनाक्यावरच्या रांगांवरून तरंगत माथेरानच्या उतारांकडे गेला. मीही त्यावर बसलो होतो (नक्की कधी बसलो, आठवत नाही). खाली भाताची खाचरं हिरवी, ओली. एका नव्याकोऱ्या पुलावर डोक्याला हेल्मेट घातलेली तन्वी उभी होती. इंजिनिअर! पूल फक्त आमच्या अंगणापर्यंतच जात होता. तिनं हात केला. मीही केला.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. सप्ताहात कीर्तनाला बसल्यावर डोळा लागला तरी मान डोलत राहिली पाहिजे, आणि बुवा थांबले की नामाचा गजर झाला पाहिजे. यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. (बुवा माझ्याकडे बघूनच कीर्तन करतात.)

सर थांबले. "कळलं?"

मी मिटल्या डोळ्यांनी हात जोडले. "रामकृष्ण हरी!"

पुढच्या बाकावरच्या दोघांनी लगेच टाळ्यांचा ठेका धरला. सरांना मात्र भरून आलं असावं. "बघा, काकांना कळलं. या काका, चेंडूचा मार्ग काढून दाखवा."

मी गेलो. फळ्यावर मन लावून माथेरानचा डोंगर काढला.

"आणि चेंडू?"

"अजून खाली आला नाय, सर."

तेव्हा तन्वी उठली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. माझ्या हातातला मार्कर घेतला, डोंगर पुसला आणि मान वर न करता अख्खं गणित सोडवलं.

"हे कुठं शिकलीस गं?" सरांनी विचारलं.

"कॉलेजात. उरलेलं घरी."

असं म्हणून ती फळ्याकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं. परतताना गाडीवर मागून हळूच म्हणाली, "पप्पा, क्लास नको. मला येतंय."

घरी बायको दारातच. क्लास लावायचा नाही, हे ऐकून म्हणाली, "काय, वाईट हाय का क्लास?"

"नाय गं आई, चांगला हाय," तन्वी म्हणाली. "पप्पांना घरी एवढी शांत झोप कुठं लागते?"

दोघी हसत आत गेल्या. मी मात्र पुढच्या बॅचचा फुकट तास कधी आहे, याची गुपचूप चौकशी करून ठेवली आहे. तो चेंडू कुठे पडला, ते बघायचं राहिलंय.