उभ्यानं रामराम

माझ्या सासऱ्यांना मी तोंड उघडायला लावलं होतं.

"जीभ वर करा," म्हटलं होतं. त्यांनी केली.

आज मामंजींना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत. "तुम्ही खूप सेवा केली हो त्यांची." मी हो-हो करतेय. खरं काय ते लिहूनच टाकते एकदा.

मी नर्स. अमरावतीतल्या एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं झाली. वॉर्डात माझा दरारा आहे, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी तोंडावर सांगत नाही.

मामंजींनी जन्मभर झेंडू-शेवंती पिकवली, पहाटे फूलबाजारात नेऊन विकली. म्हातारपणी मानेत मज्जारज्जू दबला. ऑपरेशन झालं, पण दोन्ही पाय ताठ राहिले. वाकवू म्हटलं तरी वाकायचे नाहीत, मध्येच पेटके यायचे. मग डॉक्टरांनी स्नायू सैल करायची गोळी सुरू केली. कमी डोसपासून, हळूहळू वाढवत.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. घरचीच सिस्टर आहे, आता काळजी कसली.

पेटके थांबले. पण आठवड्याभरात मामंजी म्हणाले, "सूनबाई, हे गोळी घेतली का पाय माहे नाई राहत."

मी डबा भरत होते, ड्युटीला उशीर झाला होता. म्हटलं, "होईल सवय."

वॉर्डात हेच वाक्य एखादा पेशंट बोलला असता, तर मी त्याला धरून उभं करून पाहिलं असतं. डॉक्टरांना कळवलं असतं. घरी मी फक्त एवढंच विचारायची, "गोळी घेतली का?"

एकदा त्यांची बंडी धुवायला घेतली, तर खिशात गोळ्या निघाल्या. पाच-सहा.

मी चिडले. म्हणजे चांगलीच चिडले. ही गोळी मनानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते खरंच आहे, आणि आपलं खरं आहे म्हटल्यावर माझा आवाज जास्तच चढतो.

ते शांत होते. म्हणाले, "रोज नाई टाळत. पावणा येनार असला का तेवढ्या दिवशी नाई घेत."

"काहून?"

"उभं राहाले पाय ताठ लागते, पोरी."

ही त्यांची रीत. दारात कोणीही येवो, अगदी मीटर रीडिंगवाला येवो, मामंजी खुर्चीतून उठणार, दोन्ही हात जोडणार आणि मग रामराम. वॉकर आला तरी सुटली नाही.

मी म्हटलं, "बसून रामराम केला तर काय पाप लागते का?"

"आमी सीपी अँड बेरारमधी जन्मलेले लोक," ते म्हणाले. "आमच्यात बसून रामराम नाई करत."

इंग्रजांच्या वेळच्या त्या प्रांताचं नाव ऐकून मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, दुसरं काय.

दुसऱ्या दिवसापासून मी वॉर्डातली पद्धत घरी आणली. गोळी, पाणी, तोंड उघडा, जीभ वर करा. ज्यांच्यासमोर मी लग्नानंतर कित्येक वर्षं डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, त्यांना.

त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. फक्त तोंड उघडताना डोळे मिटून घ्यायचे.

त्याच आठवड्यात डोस वाढला होता. रविवारी अकोल्याहून माझे बाबा, म्हणजे त्यांचे व्याही, येणार होते. मामंजींनी सकाळी विचारलं, "आज इवाई येऊन राह्यले. आजचा दिवस राहू दे ना."

"नाही," मी म्हटलं. जीभही पाहिली.

गोळी दिल्यावर तास-दोन तास पेशंटला एकट्यानं उठू द्यायचं नाही. हे मी वॉर्डातल्या नव्या मुलींकडून घोकून घेते. आणि मी पोहे परतत होते.

बाबांची चप्पल वाजली. मामंजींचा आवाज आला, "रामराम, इवाईबुवा," आणि लगेच वॉकर पडल्याचा.

बाहेर आले, तर ते माझ्या बाबांच्या पायाशी पडलेले. बाबा त्यांना उचलायला वाकले होते. मामंजी त्यांनाच म्हणत होते, "तुमाले लागलं तं नाई ना?"

खुब्याचं हाड मोडलं होतं.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, "असे काही पेशंट त्या ताठरपणावरच उभे राहतात, सिस्टर. तो सगळा घालवायचा नसतो. डोस कमी केला असता आपण. पाय ढिले पडतात, हे ते कोणाला बोलले नाहीत का?"

"मला बोलले होते," मी म्हटलं.

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे मामंजी पलंगावरून उठलेच नाहीत. भेटायला माणसं यायची, तेव्हा पलंगाची कड धरून उठू बघायचे. मग हात जोडून म्हणायचे, "माफ करा, उठता येत नाई."

प्रत्येकाला. मलासुद्धा, मी ड्युटीवरून आले की.

मी एकदाही म्हटलं नाही की माफी मी मागायला पाहिजे. औषधपाणी सगळं वेळेवर केलं, हेच तेवढं राहिलं. दीड महिन्यात छातीत कफ भरला आणि ते गेले.

आता वॉर्डात ही गोळी सुरू झालेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "घेतल्यावर पाय कसे वाटतात? उभं राहून दाखवता?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही. मुली म्हणतात, सिस्टर आता मऊ झाल्या. होऊ दे.

आज बाबा अकोल्याहून आलेत. मघाशी फोटोला हार घातला, आपल्याच शेवंतीचा. बाबांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, तरी ते उभे राहिले. मीही राहिले, डोक्यावर पदर घेऊन.

मामंजी, चुकलं माझं.

रामराम घ्या सुनेचा.

उठू नका. बसूनच घ्या.