जळक्या ऑईलचा डबा

ट्रक माझ्याकडं आठ वर्षं होता. दहा टायरी, जुना घेतलेला. हंगामात ऊस, एरवी मुरूम नाहीतर विटा. बारामती ते इंदापूर रस्ता मी बापाचा असल्यासारखा वापरला. मोरगावच्या वाटेवर एकदा शेळी चिरडली आणि तिची मालकीण आडवी आली, तर तिलाच शिव्या घातल्या. ड्रायव्हरनं गिअर चुकवला म्हणून त्याच्या थोबाडीत मारली होती, तीही त्याच्या सासऱ्यासमोर.

गाडीचा डिझेल पंप मी वाढवून घेतला होता. जास्त डिझेल ओढायची आणि चढाला जोर करायची. मागं काळाकुट्ट धूर. सायकलवाले उपरण्यानं तोंड झाकायचे, ते आरशात दिसायचं आणि मला बरं वाटायचं. आज लिहायला लाज वाटते, पण वाटायचं बरं.

ऑईल बदलायची आमची रीत अशी. कालव्याची चारी आमच्या बांधावरनं जाते. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली की तिला पाणी, एरवी कोरडी. ट्रक चारीवर आडवा न लावता उभा घ्यायचा, चाकं दोन्ही काठांवर. खाली आयता खड्डा मिळतो. चारीत उताणं पडून इंजिनाच्या चेंबरचं बूच काढायचं, की बारा-पंधरा लिटर जळकं ऑईल धो धो खाली. मातीत जिरतंय, कुणाचं काय जातंय. सगळेच गाडीवाले तसंच करायचे.

चारीच्या खालच्या अंगाला एका बौद्ध कुटुंबाचं दोन एकर रान होतं. मालक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. त्याच्या आळीत त्याला आबा म्हणायचे. मी अरे-तुरे करायचो आणि तो मला तुमी म्हणायचा. यात काही चुकतंय असं तेव्हा आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. उन्हाळ्यात तो पाळीचं पाणी विहिरीत सोडून घ्यायचा आणि तेच घरात प्यायला वापरायचा. हे मला माहीत होतं.

त्या वर्षी वैशाखात मी ऑईल सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पाळी आली. पाळीची तारीख मला ठाऊक होती, फक्त ती मी धरली नाही. पाळी येऊन दोन दिवस झाले, त्या सकाळी मी ड्रायव्हरसोबत टायर बदलत होतो. खालच्या रानाचा मालक बादली घेऊन आला आणि बादली बंपरवर ठेवली. पाण्यावर तवंग होता, निळा-जांभळा.

"हे प्या," तो म्हणाला.

"काय?"

"येक तांब्या प्या. माझी पोरं दोन दिस पित्यात. तुमी प्यालात की मी गप घरी जातो."

ड्रायव्हर हसला. मला वाटतं तो बादलीला हसला, पण मला तो मला हसल्यासारखा वाटला.

"चल हो बाजूला. चारी काय तुझ्या बापाची हाय?"

"न्हाय. सरकारची हाय. पर हीर माझ्या बापाची हाय."

माझ्या हातात टॉमी होती, चाकाचे नट खोलायची, हातभर लांब लोखंडी. मी ती फिरवली. त्यानं डावा हात वर केला आणि तो मनगटाच्या वर मोडला. ओला ऊस मोडावा तसा आवाज झाला. बादली सांडली, तो खाली बसला. मग मी परत मारलं. तो खाली बसलेला असताना. त्याच्या जागी आमच्यातला कुणी असता तर पहिल्या फटक्यालाही माझा हात उठला नसता. हेही आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

दवाखान्याच्या कागदावर "ट्रकवर चढताना पडून" असं लागलं. तसं ड्रायव्हरनं सांगितलं आणि ड्रायव्हरला मी सांगितलं होतं. विहीरवाल्यानं पोलीस ठाण्यात जायचं म्हटलं, पण साक्षीला कुणी उभं राहीना. मग गावातल्या चार मोठ्या माणसांनी आम्हाला देवळासमोर बसवलं. दवाखान्याचा खर्च देतो म्हणालो.

"पैसं नगोत," तो म्हणाला. हात गळ्यात. "कागदावर खरं लिवा."

चौघांपैकी एकानं चहा सांगितला.

"बरं. मग हीर उपसून द्यायची. आन हितनं पुढं गाडीचं ऑईल चारीत न्हाय जायचं. डब्यात धरायचं. डबा ह्यांनी सोता माझ्या दारात आणायचा. ड्रायव्हरच्या हातनं न्हाय."

"एवढंच ना?" एक तात्या म्हणाले आणि सगळे मोकळे झाले. मला मात्र वाटलं की माझं नाक कापलं.

पुढं दर दीड-दोन महिन्यांनी मी डबा उचलून त्याच्या दाराशी नेला. पहिल्या वेळी डबा दारातच आदळला. त्यानं डब्यात काठी बुडवून बघितली.

"दोन लिटर कमी हाय. कुठं सांडलं?"

"चेंबरमधीच राहिलं आसंल."

"राहत न्हाय. गाडी गरम असताना काढा, समदं येतं."

ऑईलचं तो काय करायचा तर गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी लावायचा आणि उरलेलं बारामतीच्या एका भंगारवाल्याला द्यायचा. हात वाकडाच बसला होता. कारखान्यानं त्याला मशीनवरनं काढून गेटवर बसवलं होतं. नट आवळायचे पाने हातात धरणारा माणूस आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होता. तरी पुढच्या खेपेला माझी गाडी लांबूनच बघून म्हणाला, "धूर किती सोडताय शेठ. डिझेल जळत न्हाय, निस्तं हवंत फेकताय. पंप जागंवर आणा, फिल्टर झाडा." मी चिडून तसंच ठेवलं. वर्षानं आणला जागेवर. धूर गेला, डिझेल कमी लागायला लागलं. हे त्याला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

ट्रक विकला तेव्हा शेवटचा डबा घेऊन गेलो. डबा ठेवला आणि पहिल्यांदा आबा म्हणालो. म्हटलं, "आबा, तुमाला मी मारलं. तुमी पडला नव्हता."

"मला ठावं हाय की," तो म्हणाला. "मला कशापायी सांगताय? लिवून द्या."

मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. भीती कायद्याची होती, मग भावकीची, मग मुलीच्या लग्नाची. कारण संपलं की दुसरं तयार.

गेल्या महिन्यात लिहिलं. एक पान, खाली सही. त्याच्याकडं घेऊन गेलो. आता त्याला कमी दिसतं, म्हणून नातीनं वाचून दाखवलं. ती वाचत होती तेव्हा मी जमिनीकडं बघत होतो. "दोन वेळा मारले, दुसऱ्या वेळी ते खाली बसलेले होते," इथं आल्यावर त्यानं तिला थांबवलं.

"दोन न्हाय," तो म्हणाला. "तीन."

मी म्हटलं, मला दोनच आठवतात.

"तुमाला कसं आठवंल," तो म्हणाला. "तिसरा पाठीत हुता. तवा माझं तोंड चिखलात हुतं. तुमी काय म्हणला तेबी मला ठावं हाय."

काय म्हणालो ते मी विचारलं नाही. नातीनं पेन दिलं. मला तिसरा अजूनही आठवत नाही. मी दोन खोडून तीन केले आणि खोडलं तिथंही सही केली.