सुभेदारांच्या नातीचा कान

कोरेगावच्या सुभेदार कृष्णातरावांचं घर म्हणजे पलटणच. बाप फौजेत, ते स्वतः फौजेत, लेक अजून सीमेवर. पायावर नांगर पडला तरी 'आई गं' म्हणायचं नाही, हा त्या घरचा दंडक. आणि या दंडकाला सगळ्यांत पक्की निघाली कोण, तर अकरा वर्षांची नात, साक्षी! पोरीला जन्मतःच डाव्या कानाच्या जागी शेंगेएवढा कातडीचा तुकडा. केस पुढं ओढून शाळेत जायची, पण कधी कुरकुर नाही.

सांगलीच्या मायाताई डॉक्टर म्हणाल्या, "बरगडीच्या कूर्चेचा कान घडवू. पण त्यावर पांघरायला कातडी पुरणार नाही, ती आधी वाढवू." म्हणून कानामागं कातडीखाली रबरासारखी पिशवी बसवली. दर आठवड्याला सुईनं तीत थोडं मिठाचं पाणी भरायचं. पिशवी फुगेल तशी वरची कातडी वाढायची.

आजा-नात रेल्वेनं सांगलीला जायची. सुई टोचली तरी पोरगी पापणी हलवायची नाही. परतताना सुभेदार डब्यात भेटेल त्याला सांगायचे, "चूं केलं न्हाई बगा!"

एका खेपेला पाणी भरून झालं. "दुखतंय का गं?" मायाताईंनी विचारलं.

"न्हाई."

"बरं, जरा बाहेर बसा. पुन्हा बघून मग सोडते."

बाकावर बसल्यावर सुभेदारांचं लक्ष गेलं. पोरीनं रुमालाचा बोळा दातांत धरलेला, कपाळाला घाम.

"साक्षे, दुखतंय व्हय?"

"न्हाई, आबा."

हे 'न्हाई' कुणी शिकवलं, ते सुभेदारांना ठाऊक होतं. नुसता हुकूम देऊन ते 'न्हाई' सुटणार नव्हतं. ते खाली वाकले. "माझा गुडगा लय दुखतोय गं. जिना चढताना जीव जातो. तुझ्या आजीला बी ठावं न्हाई."

"आवं, मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की आत्ता. तुझी पाळी."

पोरीचा बांधच फुटला. "तडकतंय, आबा! पर सांगितलं की मॅडम पिशवी काढतील. मग कान कुटला?"

सुभेदारांनी तिला उचललं आणि गुडघ्याकडं न बघता आत नेलं. फुगवट्याच्या माथ्यावर कातडी पांढरीफटक पडली होती, काचेगत ताणलेली. मायाताईंनी सुईनं थोडं पाणी मागं ओढलं. हळूहळू गुलाबी रंग परतला.

"अशीच घरी गेली असती, तर कातडी मेली असती," त्या म्हणाल्या. "मग पिशवी काढावीच लागली असती. बोललीस म्हणून वाचली."

पुढं काही दिवस पाणी बंद ठेवलं, मग थोडं थोडं भरलं. वेळ लागला, पण कातडी पुरली. ऑपरेशन झालं, पिशवी निघाली, बरगडीचा कान बसला. शुद्धीवर आल्या आल्या साक्षीनं अख्खा वॉर्ड उठवला. "मॅडम, बरगडीत लय दुखतंय! हितं, खालच्या अंगाला!"

शेजारच्या खाटेवरची धोंडुबाई दचकली. "आगं बया, कुणाची म्हणायची ही?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"आमची," ते म्हणाले. "सुभेदाराची नात हाय ती."