आडवी मान

"थांबा, येतंय सगळं!" रादॉय काकांचं हे ठरलेलं बोलणं. बल्गेरियातल्या आमच्या डोंगरगावात रेडिओ दुरुस्त करता करता त्यांनी उद्याच्या जगाच्या गोष्टी लिहिल्या आणि रविवारी दुपारी वाचनघरात वाचून दाखवल्या. त्यांत उडत्या गाड्या नसायच्या; आपल्याच घरात यंत्रं आली तर माणसाचं काय होईल, एवढंच असायचं. असा लिहिणारा खालच्या कुठल्याच गावाला लाभला नाही, हे मी आजही ठणकावून सांगतो.

त्या रविवारची गोष्ट अशी. एका म्हातारीच्या सेवेला परदेशात बनलेलं यंत्र येतं. विचारतं, "आजी, दुखतंय का?" म्हातारी मान आडवी हलवते. आमच्यात आडवी मान म्हणजे हो, वरखाली म्हणजे नाही. पण यंत्राला ते कोण सांगणार? "छान!" म्हणून ते दिवा मालवतं नि निघून जातं.

लोक पोट धरून हसले. "अरे, ही तर आपली वासिल्का!" मागून कुणीतरी ओरडलं. डोक्याला बांधलेला निळा रुमाल, लंगडी शेळी, गोष्टीत सगळं तिचंच उचललेलं. वासिल्का आजी पुढच्याच बाकावर होती. मुलगी दूर सोफिया शहरात, घरात ही एकटी.

"आणि मग रे, रादॉय?" तिनं विचारलं. "सकाळी कुणी आलं का तिच्याकडे?"

"गोष्ट तिथंच संपते, आजी."

"यंत्राला बिचाऱ्याला कळलं नाही. परवा कुंपणापाशी तू मला हेच विचारलंस. छाती धरून मी मान हलवली. तुला तर कळलं होतं ना?"

काकांनी हातातले कागद मिटले. "कळलं होतं. पण तेवढ्यात ही गोष्ट सुचली... विसरेन म्हणून घरी पळालो."

"लिहिलीस मात्र झकास," आजी म्हणाली आणि काठी टेकत बाहेर पडली.

हसलेले आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. काका तिच्यामागे धावले. आम्ही पायरीवर आलो, तेव्हा तिच्या फाटकाशी ते काहीतरी विचारत होते. आजीच्या डोक्यावरचा निळा रुमाल हळूच डावीकडून उजवीकडे हलला. काकांनी टोपी काढली. शेजारणीला हाक मारून आजीजवळ थांबवलं आणि डॉक्टरला आणायला ते खालच्या वाटेला लागले.

आमच्यासमोरून गेले, पण मान वर केली नाही. आम्हीही खालीच पाहिलं. वळणाआड जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत होती ती फक्त फाटकातली आजी.