पर्यायी गावाची पाहणी

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात पेपरात फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेची बातमी गाजत होती. स्पर्धा भरवायचं कबूल केलेल्या एका दूरच्या देशानं, आम्हांला खर्च झेपत नाही म्हणून ती परत केली होती. मग ती कुठल्या देशात न्यायची, कोणती शहरं चालतील, यावर बड्या लोकांचा खल झाला, दोन-तीन देशांनी हात वर केले, आणि शेवटी एकाला मिळाली. ज्यांना मिळाली नाही ते म्हणत होते की आमची मैदानं कुणी धड बघितलीसुद्धा नाहीत. कर्जतला स्टेशनसमोरच्या हॉटेलात बातमी वाचून चार माणसं हळहळली. मला हसू आलं. गाव आधी ठरतं आणि पाहणी मागून होते, हे मला नव्यानं शिकायचं नव्हतं. आदल्याच हिवाळ्यात मी तशी एक पाहणी केली होती, आणि तिचा अहवाल माझ्या हस्ताक्षरात आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची मिळून आमची एक फुटबॉल स्पर्धा असे. भातकापणी झाली, शेतं मोकळी पडली की ती सुरू व्हायची. रेल्वेतले, कारखान्यातले, शाळा सोडून शेती करणारे, असे सगळ्या प्रकारचे संघ. बूट निम्म्यांच्या पायात, आणि ऑफसाइड कुणालाच नीट कळत नसे. पण एक रीत मात्र आम्ही कडक पाळायचो. फायनलच्या दिवशी यजमान गावानं सगळ्या संघांना पंगतीला बसवायचं, आणि पहिला भात यजमान संघाच्या कप्तानानं स्वतःच्या हातानं वाढायचा. त्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. ही रीत कुणी पाडली माहीत नाही. मैदानावर ज्यांनी एकमेकांच्या नडग्या फोडल्या त्यांनी एका पंगतीत जेवावं, असं सांगत आम्ही दरवर्षी भाषणं करायचो.

त्या वर्षीचं यजमानपद साजगावला होतं. तिथल्या एका कारखान्याचं मैदान ठरलं होतं, पण स्पर्धेच्या तोंडावर कारखान्यात टाळेबंदी झाली आणि मैदान फाटकाच्या आत राहिलं. आता पर्यायी गाव शोधायचं. समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष भातगिरणीचे मालक, दुसरे शाळेतले पीटीचे मास्तर, आणि मी चिटणीस. मी कचेरीत कारकून होतो, अक्षर चांगलं होतं, आणि सरकारी भाषेत कुठलंही वाक्य सरळ उभं करायची मला हातोटी होती. म्हणून चिटणीस.

अर्ज दोन आले. एक अध्यक्षांच्या सासुरवाडीचा. दुसरा पळसदरीच्या अलीकडच्या बौद्ध वस्तीचा, आणि त्यावर कप्तान म्हणून ज्याची सही होती तो माझा मित्र.

मित्र हा शब्द मी अजून वापरतो, त्याला इलाज नाही. तो रेल्वेत गँगमन होता. कर्जतच्या संघात दहा वर्षं तो गोलकीपर आणि मी त्याच्यापुढं फुलबॅक. माझ्या चुका त्यानं अंगावर घेतल्या, एकदा तर छातीवर. सामन्यानंतर किटलीतून चहा यायचा तेव्हा त्याचा पेला वेगळा असे आणि तो त्याचा तोच विसळून ठेवी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

पुढं त्यानं कर्जतचा संघ सोडून वस्तीचा संघ उभा केला. रुळांवरची ड्यूटी संपवून हा गडी आणि त्याची पोरं दोन वर्षं एका पडीक माळाशी झुंजली. दगड वेचले, बांध फोडले, माती चाळून पसरली, चोपण्यांनी चोपली. रेल्वेनं काढून टाकलेले सागवानी स्लीपर लिलावात घेऊन त्यांचे गोलपोस्ट उभे केले. दोन्ही तालुक्यांत तसं मैदान नव्हतं. त्याची पस्तिशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. त्याला चषक नको होता. सगळ्या गावांनी एकदा आमच्या वस्तीत यावं, आमच्या अंगणांतून चालत मैदानात उतरावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. ओट्यावर, आत नाही.

तेव्हा मी त्याला सल्ला दिला. तुझ्या भल्याचं सांगतो, अशीच सुरुवात केली. म्हटलं, मैदानात कुणी खोट काढू शकणार नाही, मग ते जेवणात काढतील. तेव्हा त्यांना तिथं जागाच ठेवू नकोस. देवळांच्या उत्सवात स्वयंपाक करणारा कर्जतचा आचारी आण. पाणी टेंपोतून बाहेरचं आण, भांडी भाड्याची आण, वाढायला आमच्या संघातली पोरं देतो. तुमच्यापैकी कुणी कशाला हात लावायचा नाही. पाहणीच्या दिवशी समितीला जेवण असतंच, तेव्हाच हे सगळं त्यांना दाखवून द्यायचं, म्हणजे तोंडं बंद.

त्यानं सगळं खाली बघत ऐकलं. मग म्हणाला, "आन पयला भात? तो तर कप्तानानंच वाढायचा हाय."

मी म्हटलं, उजव्या हाताला पट्टी बांध. गोलकीपरचा हात दुखावला तर त्यात नवल ते काय.

हे सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश झालो होतो. कचेरीत अशा युक्त्यांनी माझी फाईल कधी अडत नसे.

वस्तीत यावरून रामायण झालं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्याची आई सगळ्यांत आडवी आली. छप्पन साली आमी देव सोडलं, गावकीची भाकर मागणं सोडलं, मेलेलं ढोर वडणं सोडलं, आणि आता आपल्याच अंगणात आपला हात इटाळाचा म्हणून परका आचारी आणायचा का, असं ती म्हाताऱ्या माणसांदेखत म्हणाली. बरेच जण तिच्या बाजूचे होते. हा एकटा सगळ्यांना समजावत राहिला. एक दिवस गिळा, एकदा सगळी इथं येऊन गेली की पुढल्या वेळी आपण रांधू. चिटणीस आपला माणूस हाय, त्यानं शब्द दिलाय. माझ्या नावावर त्यानं आख्खी वस्ती वळवली.

पाहणीच्या दिवशी आम्ही तिघं टेंपोनं गेलो. मास्तरांनी मैदान पावलांनी मोजलं, चेंडू टाकून उसळी बघितली, आणि एका गोलपोस्टावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना ते मैदान इतकं आवडलं होतं की त्यांची मला भीती वाटली. माझा गोलकीपर आमच्यासोबत चालत होता. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, गळ्यात झोळी. हात धडधाकट होता. आठ तास फावडं मारावं असा धडधाकट. अध्यक्षांनी काय झालं म्हणून चौकशी केली, तर तो म्हणाला, सरावात पडलो. हे सांगताना तो माझ्याकडं बघून हसला, आणि मीही हसलो.

विहाराच्या अंगणात आचाऱ्यानं चुली मांडल्या होत्या. बायका आपापल्या दारांत उभ्या राहून परक्या माणसाला आपल्या अंगणात भात रांधताना बघत होत्या. पाण्याच्या हंड्यांजवळ वस्तीतलं पोरगंसुद्धा फिरकत नव्हतं, तशी ताकीद होती. कर्जतच्या पोरांनी वाढलं. यजमान कप्तान झोळीत हात घालून पंगतीच्या टोकाला उभा, आणि आमच्या पानांत काय कमी आहे ते वाढप्यांना नजरेनं सांगत होता. अध्यक्ष मनापासून जेवले. आमटी तीनदा मागून घेतली, आचाऱ्याला बोलावून शाबासकी दिली. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी गिरणीत बैठक झाली. मास्तर म्हणाले की मैदानाचा प्रश्नच नाही, असं दुसरं नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. "मैदान उत्तमच आहे हो," ते म्हणाले. "पण यजमान कोण? आचारी कर्जतचा, पाणी बाहेरचं, वाढपी आपलेच. कप्तान पहिला भातसुद्धा वाढू शकत नाही. मग हे यजमान कसले, हे तर आपल्या पंगतीला उभे असलेले पाहुणे. आपली रीत मोडायची का?"

जातीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघायची गरजच नव्हती, तो अडथळा मीच पट्टीत बांधून त्यांच्या हाती दिला होता. मास्तर माझ्याकडं बघू लागले. हात त्याचा दुखावलेला नाही, एवढं सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मग अध्यक्षांना विचारता आलं असतं, बरं, हात चांगला आहे ना, मग फायनलला तो वाढू दे, तू पहिला बस. मी वहीत मान घातली. मग मास्तरांनीही मान खाली घातली.

लिहा, असं अध्यक्ष म्हणाले, आणि मी लिहिलं. 'मैदान समाधानकारक असले तरी भोजनाची जबाबदारी गावकरी स्वतः पार पाडू इच्छित नाहीत, तसेच कप्तान जायबंदी असल्याने स्पर्धेच्या प्रथेचे पालन होणे शक्य दिसत नाही.' यातलं 'इच्छित नाहीत' माझं आहे. अध्यक्ष 'पार पाडत नाहीत' म्हणाले होते. मला ते जरा उघडं वाटलं.

स्पर्धा अध्यक्षांच्या सासुरवाडीला गेली. तिथलं मैदान एका अंगाला इतकं उतरतं होतं की टॉस जिंकून जो उताराकडं खेळला तो जिंकला, आणि चेंडू सारखा नाल्यात जात होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, यात नवीन काही नाही. अध्यक्षांवर मी कधी फारसा चिडलोही नाही. तो माणूस होता तसा दिसत होता. ज्यानं माझ्या शब्दावर वस्ती वळवली होती त्याचा केसानं गळा कापला तो मी.

निकाल कळल्यावर मित्रानं निरोप धाडला, रविवारी ये आणि अहवाल वाचून दाखव. पोस्टानं पाठवता आला असता. पण तो म्हणत होता की मी लोकांना वळवलं, आता मलाच सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून नको, कागदातून हवं. मी गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं, हे एवढंच कारण.

विहाराच्या त्याच अंगणात दुपारी सगळी जमली. त्याच्या हाताला पट्टी नव्हती. मी वाचलं, अगदी स्पष्ट वाचलं, वाचायची मला सवयच आहे. 'इच्छित नाहीत' या शब्दांवर एका म्हाताऱ्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. शिव्या बसतील या तयारीनं मी गेलो होतो, पण माणसं उठून हळूहळू घरांकडं गेली. त्याच्याकडंही कुणी बघितलं नाही, आणि ते त्याला माझ्या अहवालापेक्षा जास्त लागलेलं दिसत होतं. दोन वर्षं ज्यांच्याबरोबर माती चाळली ती पोरं त्याला वळसा घालून गेली.

मग तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, हे उंबऱ्यात वाकताना लक्षात आलं. त्याच्या आईनं मला बसायला घोंगडी टाकली. चुलीशी गेली, आणि एक ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वर कांदा.

"आता समिती नाय आन पाहनी नाय," ती म्हणाली. "हे मी रांधलंय. जेव."

सकाळी कर्जतहून मी नुसत्या चहावर निघालो होतो. पोटात कावळे ओरडत होते. तो भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. मी जेवलो असतो तर मला वाटतं त्यानं सगळं सोडून दिलं असतं.

मी म्हणालो, "जेवून आलोय, मावशी."

"काय केलं व्हतं रं घरी?" तिनं विचारलं.

वरण, भात, भाजी, रोज घरात जे असतं त्यातलं एकही नाव तोंडात येईना. मग ताट उचलून तिनं मुलासमोर सरकवलं, आणि तो खाली मान घालून जेवू लागला.