वाचून जागेवर ठेवलेलं पुस्तक

विद्यापीठाच्या लायब्ररीत मी साफसफाई करते. कोपरखैरण्याहून सकाळी सातला येते. मुलं नऊनंतर येतात, तोवर तिन्ही मजल्यांवर मी आणि माझ्यासोबतच्या काकू, दोघीच असतो.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीकडच्या रॅकमध्ये एक जुनं पुस्तक होतं. खाकी पुठ्ठ्याचं, शिवण सुटलेलं. साताऱ्याकडची जी गावं धरणाच्या पाण्यात गेली, त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं. एकेका गावाची वाट, देऊळ, शेतं, माणसं. पुसताना ते उघडलं गेलं आणि पहिल्या पानांवरच्या यादीत मला माझ्या आईच्या गावाचं नाव दिसलं.

आई त्या गावातून लहानपणीच निघाली. मी ते कधी पाहिलं नाही, पाहण्यासारखं उरलंच नव्हतं. नळाला पाणी आलं की आई कधीतरी म्हणायची, "आमच्याकडचं पाणी असं नव्हतं गं." कसं होतं ते मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण सावकाश, ओठ हलवत. म्हणून कुणी नसताना वाचायची. रोज एक पान, कधी अर्धंच. आईचं गाव यादीत शेवटाकडे होतं. एकदम ते पान काढता आलं असतं. पण मला तिथवर चालत जायचं होतं, मधली सगळी गावं ओलांडून.

काकू म्हणायच्या, "काय गं, बीएच्या परीक्षेला बसतेस काय?"

"धूळ बघते."

"एवढं काय लिहिलंय धुळीत?"

वाचून झालं की मी पुस्तक पुसून नेमक्या जागी ठेवायची. टेबल मोकळं ठेवणं हे माझं कामच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आले तर ते रॅक नव्हतं. तिथे नवे कंप्युटर बसवले होते. कुणाला विचारायचं, हे ठरवण्यात माझा आठवडा गेला. शेवटी कंप्युटर विभागातल्या मॅडमना विचारलं. ऐरोलीहून यायच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी केर काढायला गेले की पाय नुसते वर न घेता खुर्चीतून उठायच्या, म्हणून धीर झाला.

"मॅडम, खिडकीकडची पुस्तकं कुठं गेली?"

"तुर्भ्याच्या गोडाऊनला. जी कोणी वाचतच नाही, ती सगळी. का मावशी, तुमचं काही राहिलं का तिथे?"

"एक पुस्तक होतं."

त्यांनी पुस्तकाचं नाव विचारलं आणि टाइप केलं. "हे बघा. पाच वर्षांत कोणी हात नाही लावला."

"मी लावलाय. रोज."

"आणि वाचून झाल्यावर?"

"जागेवर ठेवायची."

मॅडम हसल्या. "अहो, टेबलावर पडलेली पुस्तकं आमी संध्याकाळी स्कॅन करतो. बीप वाजलं की सिस्टिमला कळतं, कोणीतरी वाचलं. तुमी पुरावाच पुसून टाकला." मग माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा कीबोर्ड पुढे ओढला.

वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच ठेवावीत, अशी पाटी प्रत्येक टेबलावर आहे. मी ती रोज ओल्या फडक्यानं पुसते. मला वाटायचं, ती मुलांसाठी आहे.

"स्कॅन केलेली प्रत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण उघडायला लॉगिन लागतं. विद्यार्थ्यांना देतात, नाहीतर स्टाफला. कॉन्ट्रॅक्टवाल्या सफाईला नाही देत."

"मग राहू दे."

"राहू दे काय? बसा इकडे." त्यांनी स्वतःच्या लॉगिननं पुस्तक उघडलं. "कितवं पान?"

माझी आठ-नऊ गावं वाचायची बाकी होती. पण दारात एक सर इंटरनेट चालत नाही म्हणून येऊन उभे होते. मी आईच्या गावाचं नाव सांगितलं.

बाकीच्या गावांना दोन-दोन, तीन-तीन पानं होती. आईच्या गावाला चार ओळी. गाव नदीच्या वळणावर. घरं थोडी, सगळी एकमेकांच्या नात्यातली. पावसाळ्यात चार महिने वाट बंद. चौथी ओळ नदीवर पाण्याला जाणाऱ्या बायकांची होती. काचेवर बोट न टेकवता मी दोनदा वाचलं. माझे ओठ हलत होते, पण मॅडम त्या सरांकडे बघत राहिल्या.

"प्रिंट काढून देऊ?"

"नको," मी म्हणाले. दुसऱ्याच्या घरी चहा विचारला की तोंडातून आधी नकोच येतं, तसं. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण ते सर आत आले.

मार्चमध्ये मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. जाताना त्यांनी मला बिस्किटांचा पुडा दिला. तेव्हाही प्रिंट मागायचं माझ्यानं झालं नाही. आता तिथे नवीन साहेब आहेत, कानाला हेडफोन लावून बसतात. मी त्यांच्या टेबलाखालून झाडू फिरवते, थोडी थांबते आणि निघते.

पहिल्या तीन ओळी मला पाठ आहेत. चौथीत बायका होत्या, नदी होती आणि पाण्याबद्दल एक शब्द होता, पाणी कसं होतं ते सांगणारा. तोच आठवत नाही. भांडी घासताना, बसची वाट बघताना मी एकेक शब्द लावून बघते. गार, गोड, निळं. त्यातला एकही तो नव्हे, एवढं मात्र कळतं.