उकड्या तांदळाचे कण

पदार्थ कणांचे बनलेले असतात, हे प्राथमिक शिक्षकांना समजवायला मी दोन दिवस मागितले होते. शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, दोन तास. मी खाणीवर ट्रक भरून शिकलेला माणूस, घासाघीस मला नवी नाही. एका पूर्ण दिवसावर ठरलं. प्रत्यक्षात डिचोलीच्या हॉलमध्ये समई, स्वागत आणि पाहुण्यांची भाषणं यांतच जेवणाची वेळ झाली. तो राग अजून गेलेला नाही.

दुपारी सगळ्यांना पाण्याचे आणि वाफेचे कण काढायला सांगितले. जवळजवळ सगळ्यांनी वाफेचे कण टपोरे काढले.

"मोठे का?"

इब्रामपूरच्या बाई उठल्या. निवृत्तीला आलेल्या. "सर, उकडो तांदूळ शिजलो की फुगता. तसेच कण. आमी मुलांक असांच शिकवतो."

मी भडकलो. मग सगळ्यांना एका कोपऱ्यात दाटीने उभं केलं आणि हॉलभर पसरायला लावलं. "आता जागा जास्त लागली. कोणी फुगलं का?"

"जेवल्यार थोडे फुगलंव," मागून कोणीतरी म्हणालं.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे कण तेवढेच, लांब गेले. पण मधे हवा आसतली मां?"

"हवाही कणांचीच. त्या कणांच्या मधे काय?"

त्यांनी विचार केला. "आणखी बारीक हवा."

"काहीच नाही, बाई. रिकामी जागा."

"कायच नाय? असां कसां?"

खरं काम इथे सुरू होत होतं, तेवढ्यात शिपाई किल्ल्या घेऊन आला. मी अर्धा तास मागितला. तो म्हणाला, "पेडण्याची शेवटची बस थांबेल का, सर?" त्याच्याशी भांडता आलं नाही.

बाईंनी डबा पिशवीत टाकला. "सोमवारी ह्यो धडो घेऊचंय नाय, सर. तांदळाचां आता सांगवाचां नाय, आणि खरां माका अजून कळूक नाय. तुमी परत येशात, मगे घेईन."

येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे आणखी एक दिवस मागितला.

"कणांचं झालं ना?"

"अर्धंच झालं."

"अहवालात पूर्ण आहे."

मी अर्ध्या दिवसावर आलो, मग एका तासावर. इतका खाली मी आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. साहेबांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितला.

सोमवारी इब्रामपूरच्या शाळेत तो धडा झाला नाही. अजूनही झालेला नाही.